आधी उडायचे की आधी लढायचे?

लढाऊ विमानांचा खराखुरा सिम्युलेटर खेळायला घ्यावा असे मनात आले की पहिला प्रश्न पडतो तो 'कोणता घेऊ?' हा. जाणत्या खेळाडूंना विचारावे तर चौघांची तोंडे चार दिशांना. एक म्हणतो, सरळ एफ-१६ घे आणि मॅन्युअल वाचायला बस. दुसरा म्हणतो, जेटच्या नादी लागू नकोस, दुसऱ्या महायुद्धातले पंख्याचे विमान शीक, म्हणजे उडणे काय असते ते कळेल. तिसऱ्याच्या मते फुकटातला 'वॉर थंडर' खेळून बघावा, गोडी लागली तर पुढचे. चौथा विमानाचे नावही काढत नाही. तो जॉयस्टिकच्या किमती सांगायला लागतो. यातले कुणीच चुकीचे बोलत नसते. प्रत्येक जण निराळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, एवढेच.

लढाऊ विमान चालवताना तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. विमान हवेत नीट ठेवणे हे पहिले. त्याचे रडार, शस्त्रे, दिशादर्शन ही यंत्रणा हाताळणे हे दुसरे. आणि समोरच्याला मात देणे हे तिसरे. ही कामे सुटी करून पाहिली की सुरुवातीविषयीचा वाद बराचसा निवळतो. सगळा मिटत नाही, आणि जो उरतो तो मोठा रंजक आहे.

पूर्वपीठिका

ब्रूस आर्टविक यांचा 'फ्लाइट सिम्युलेटर' १९८०च्या सुमारास ॲपल-२ संगणकावर आला, तेव्हाच त्यात पहिल्या महायुद्धातली हवाई झटापट होती. पण लढाऊ विमानांची वाट खऱ्या अर्थाने वेगळी केली ती 'फाल्कन'ने. स्पेक्ट्रम होलोबाइटचा पहिला फाल्कन १९८७चा, 'फाल्कन ३.०' १९९१चा, आणि डिसेंबर १९९८मध्ये मायक्रोप्रोजच्या नावाने 'फाल्कन ४.०' बाजारात आला. सोबत बाइंडरमध्ये लावलेले जाडजूड मॅन्युअल. त्याची खरी कमाल होती ती मोहिमेत. कोरियन द्वीपकल्पावर युद्ध पेटले आहे, रणगाडे सरकताहेत, पूल पडताहेत, दोन्ही बाजूंची विमाने उडताहेत. तुम्ही कॉकपिटमध्ये बसा किंवा बसू नका, युद्ध आपल्या गतीने चालूच राहते. तुमचे विमान त्यातले एक. आज पाडलेल्या पुलामुळे उद्या शत्रूची एखादी तुकडी अडकून पडते, आणि हे कुणी पटकथेत लिहून ठेवलेले नसते.

खेळ बाजारात आला तोच चुकांनी भरलेला. वर्षभरात तो बनवणारा चमू विखुरला आणि २००० साली त्याचा सोर्स कोड बाहेर फुटला. एरवी तिथेच कथा संपली असती. पण हौशी प्रोग्रामरांनी तो कोड हाती घेतला आणि त्यातून 'फाल्कन बीएमएस' उभा राहिला. तो आजही सुधारला जातो आहे आणि फुकट मिळतो. मूळ फाल्कन ४.० मात्र विकत घेतलेला असावा लागतो. तो काही फार महाग नाही.

त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी या प्रकारातून अंग काढून घेतले. मायक्रोसॉफ्टचा 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर ३' २००२ साली आला. त्यानंतर त्या मालिकेत पुढचा अंक निघाला नाही. उरलेले मैदान राखले ते मुख्यतः मॉस्कोतून काम करणाऱ्या दोन चमूंनी. ओलेग मॅडॉक्स यांचा 'आयएल-२ स्टुर्मोविक' २००१ साली आला. जमिनीवर मारा करणाऱ्या एका सोव्हिएत विमानाचा खेळ बनवायला घेतला आणि २००६च्या '१९४६' आवृत्तीपर्यंत त्यात पूर्व आघाडीपासून पॅसिफिकपर्यंतची विमाने येऊन बसली. दुसरा चमू ईगल डायनॅमिक्सचा. 'फ्लँकर' (१९९५), 'लॉक ऑन' (२००३), केए-५० हेलिकॉप्टरचा 'ब्लॅक शार्क' (२००८) आणि मग २०११चा 'ए-१०सी', अशी त्यांची चढण. यातला शेवटचा अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी बनवलेल्या, टेबलावर ठेवून शिकायच्या प्रशिक्षण-सिम्युलेटरमधून निघाला आहे. 'डीसीएस वर्ल्ड' म्हणून आज जे ओळखले जाते ते या चढणीवरचे पठार.

आज काय मिळते

डीसीएसचा पाया फुकट आहे. त्यात सुखोई-२५टी हे जमिनीवर मारा करणारे जेट, टीएफ-५१डी हे दोन आसनांचे बिनशस्त्र मस्टँग, आणि कॉकेशस व मारियाना बेटे हे दोन नकाशे मिळतात. बाकी प्रत्येक विमान वेगळे विकत घ्यायचे. एफ/ए-१८सी किंवा एफ-१६सी यांची पूर्ण किंमत ८० डॉलरच्या घरात जाते. पण वर्षातून अनेकदा सवलती लागतात, आणि कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीत बहुतेक विमाने दोन आठवडे चाचणीसाठी विनामूल्य वापरता येतात. स्टीमवर ती चाचणी नाही. नवख्याने ही गोष्ट खरेदीआधी ध्यानात घ्यावी.

'आयएल-२ ग्रेट बॅटल्स' ही मूळ आयएल-२ची नवी पिढी. २०१४च्या स्टालिनग्राडपासून सुरू होऊन मॉस्को, कुबान, नॉर्मंडीपर्यंत गेलेली. इथे कॉकपिटमधली बटणे माउसने दाबता येत नाहीत. इंजिन, फ्लॅप, चाके यांना कीबोर्डची कळ. उडण्याचा आणि मार बसल्याचा अनुभव मात्र जोरकस. 'वॉर थंडर'मध्ये तीन पातळ्या आहेत. खालच्या दोन पातळ्यांत माउस जिकडे न्याल तिकडे विमान स्वतःच वळते, म्हणजे निम्मे वैमानिकपण संगणकाकडे. तिसऱ्या, सिम्युलेटर पातळीवर ही मदत काढून घेतली जाते. 'व्हीटॉल व्हीआर' हा निराळाच प्राणी: विमाने काल्पनिक, पण व्हीआर हेडसेट घालून हातातल्या कंट्रोलरने कॉकपिटमधला प्रत्येक खटका खराच ओढायचा. त्याला जॉयस्टिकही लागत नाही.

पंख्याचे की जेट?

जुन्या खेळाडूंच्या वादातला हा सर्वांत जुना मुद्दा. पंख्याच्या बाजूचे लोक म्हणतात, मस्टँगला धावपट्टीवर सरळ धावायला लावा, मग बोला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, हे फुकट मिळणाऱ्या टीएफ-५१डीमध्येच पडताळता येते. निघण्याआधी रडरची ट्रिम सुमारे सहा अंश उजवीकडे लावायची. स्टिक मागे ओढून धरायची, कारण तसे केले तरच शेपटीचे चाक सरळ अडकून राहते. मग थ्रॉटल हळूहळू, खरोखर हळूहळू, पुढे न्यायचा. पंखा आणि त्याने मागे फेकलेली गोल फिरणारी हवा नाकाला डावीकडे खेचू लागते. उजवा पाय दाबत जायचा. वेग आला की शेपूट उचलायची, आणि नेमक्या त्या क्षणी फिरता पंखा भोवऱ्याच्या नियमाने पुन्हा एकदा नाक डावीकडे ढकलतो. नवख्याचे विमान इथेच गवतात जाते. थ्रॉटल एका झटक्यात पुढे ढकलणाऱ्याचे तर आधीच गेलेले असते. उतरताना चुकून कमी वेगात पूर्ण ताकद दिली तर विमान पंख्याच्या उलट दिशेला कलंडते. महायुद्धात खऱ्या वैमानिकांचे जीव अशाने गेले आहेत.

जेटवाल्यांचे उत्तर असे, की हे सगळे खरे, पण आजच्या लढाऊ विमानात हे प्रश्नच नाहीत. एफ-१६ फ्लाय-बाय-वायर विमान. स्टिक कितीही ओढा, संगणक ९ जीच्या पलीकडे जाऊ देत नाही. हात सोडला तर ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत उडत राहते. ते हवेत नेणे मस्टँगच्या मानाने सोपे. अडते ते दुसऱ्या कामावर. थंड विमान सुरू करायचे तर मेन पॉवरचा खटका आधी बॅटरीवर, मग मुख्य पुरवठ्यावर, इंजिन फिरवून चालू करणाऱ्या जेएफएसचा खटका 'स्टार्ट २'वर, इंजिनाचे आवर्तन किमान २० टक्क्यांवर आले की थ्रॉटल 'आयडल'मध्ये, आणि मग दिशादर्शन यंत्रणा जुळेपर्यंत कित्येक मिनिटे जागेवर थांबायचे. हवेत गेल्यावर तर स्टिकवरचे एकच बटण क्षणाक्षणाला वेगळे काम करते: त्या घटकेला रडारचा पडदा 'चालू' आहे की लक्ष्यदर्शक पॉडचा, यावर ते अवलंबून. हे डोक्यात बसेपर्यंत माणूस उडवतो कमी आणि शोधतो जास्त.

माझा कौल विचाराल तर, ज्याला उडण्याचे वेड आहे त्याने मस्टँगपासून आणि ज्याला यंत्रांचे वेड आहे त्याने जेटपासून सुरुवात करावी. पंख्याच्या विमानावर शिकलेली एक गोष्ट मात्र जेटमध्येही वाया जात नाही: उंची आणि वेग ही एकच पुंजी असून वळणावळणाला ती खर्च होते, याची जाण. एफ-१६चा संगणक चुका झाकतो, पण वेग गमावून बसलेल्या वैमानिकाला तोही वाचवत नाही.

किती बटणे खरी हवीत?

दुसरा वाद खोलीचा. एका गटाला कॉकपिटमधला प्रत्येक खटका चालणारा हवा असतो. एकच विमान घ्यावे, वर्षभर तेच शिकावे, असा त्यांचा आग्रह. आपल्याला एफ-१६ 'येते' असे म्हणता येण्यातले समाधान निराळेच, आणि ते सोप्या खेळात मिळत नाही. साधनसामग्रीही भरपूर आहे: डीसीएसमधले शिकवणीचे टप्पे, बीएमएससोबत येणारे प्रशिक्षणाचे पुस्तक, आणि 'चक्स गाइड्स' या नावाने फुकट मिळणारे, चित्रांनी भरलेले सविस्तर पीडीएफ.

दुसरा गट म्हणतो, खटके पाठ करणे म्हणजे वैमानिकी नव्हे. डीसीएसच्याच 'फ्लेमिंग क्लिफ्स' संचात एफ-१५सी, सुखोई-२७, मिग-२९ ही विमाने आहेत. त्यांचे उडणे तपशिलाने बेतलेले, पण यंत्रणा काही कळांवर आणलेली. एकाच्या कळा शिकलात की बाकीची जवळपास आलीच. रात्री तासभर मिळणाऱ्या नोकरदार माणसाला हा सौदा परवडतो, आणि तिसरे काम, म्हणजे लढणे, तो लवकर शिकतो. याला पहिल्या गटाचे उत्तर असे की आजची हवाई लढाई बहुतांशी यंत्रणेचीच लढाई आहे. रडार कोणत्या रीतीवर ठेवले, समोरच्याला ते कधी कळले, क्षेपणास्त्र सोडल्यावर कोणत्या क्षणी पाठ फिरवली, हीच ती लढाई. यंत्रणा सोपी केली तर लढाईच सोपी होते.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. फुकट मिळणारे सुखोई-२५टी या वादात मधल्या मध्ये सापडते. त्याचे कॉकपिट माउसने चालत नाही, भरपूर बॉम्ब लादले की ते जडशीळ होते, जमिनीवर वेगात वळवले तर उलटते. पण टीव्ही-दुर्बिणीने रणगाडा हेरून त्याच्यावर लेझरवर चालणारे क्षेपणास्त्र नेऊन आदळवणे शिकायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

हातात काय, डोळ्यांवर काय

इथे मतभेद कमी आहेत. कीबोर्ड-माउसवर खरा सिम्युलेटर खेळता येत नाही, हे सगळेच मानतात. साधी, मुठीतच पिळून रडर देता येणारी जॉयस्टिक सुरुवातीला पुरते. लॉजिटेकची एक्स्ट्रीम ३डी प्रो किंवा थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम या वर्षानुवर्षे चालत आलेल्या निवडी. त्यावर व्हीकेबीची ग्लॅडिएटर. फरक मुख्यतः आतल्या सेन्सरचा. घासून झिजणारा पोटेन्शिओमीटर काही काळाने मधल्या जागी थरथरू लागतो, चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर तसा झिजत नाही. आपल्याकडे यातल्या बऱ्याच वस्तू आयात कराव्या लागतात आणि बिघडल्यावर दुरुस्तीला परत पाठवणे जिकिरीचे असते, तेव्हा टिकाऊपणाला चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

नवखे विसरतात ते डोके. हवाई झटापटीत नजर सतत वर आणि मागे असते; बटणाने दृश्य फिरवत बसणारा माणूस शत्रू हरवून बसतो. ट्रॅकआयआरसारखी साधने मानेच्या हालचालीप्रमाणे दृश्य फिरवतात, आणि साधा वेबकॅम व 'ओपनट्रॅक' हे फुकट सॉफ्टवेअर वापरूनही पुष्कळसे तेच साधते. माझ्या मते दुसरे विमान विकत घेण्याआधी ही सोय करून घ्यावी.

व्हीआरबाबत मात्र दोन तट आहेत. खोली खरी दिसते, धावपट्टी किती दूर आहे ते डोळ्यांना कळते, शेजारच्या विमानाला चिकटून उडणे सोपे होते. एकदा सवय झालेले लोक पडद्याकडे परत यायला तयार नसतात. उलट बाजूला महागडे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरची न वाचता येणारी बारीक अक्षरे, न दिसणारा कीबोर्ड, आणि कित्येकांना होणारी मळमळ.

खरे म्हणजे किती खरे?

नव्या विमानांचे रडार, इलेक्ट्रॉनिक युद्धाची यंत्रणा आणि क्षेपणास्त्रांचे नेमके पल्ले गोपनीय असतात. खेळ बनवणारे उघड कागदपत्रांवर आणि अंदाजावर काम करतात, आणि म्हणून याच जागांवर सर्वांत जास्त भांडणे होतात. कागद मिळवण्याच्या हव्यासाने मर्यादाही ओलांडल्या गेल्या. एफ-१६ची मॅन्युअले बेकायदा मिळवल्याचा आरोप ठेवून ईगल डायनॅमिक्सच्या एका रशियन कर्मचाऱ्याला २०१९ साली जॉर्जियातून अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आले. वॉर थंडरच्या खेळाडूंनी तर केवळ वाद जिंकण्यासाठी लष्करी कागद उघडे केल्याची प्रकरणे २०२१पासून पुन्हा पुन्हा घडली आहेत.

शीतयुद्धाच्या काळातली विमाने सध्या लोकप्रिय होत आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यांचे कागद खुले झालेले आहेत. मराठी खेळाडूला यातले एक विमान घरचे वाटावे: मिग-२१बिस. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात मिग-२१ बनत असत. भारतीय हवाई दलाने सप्टेंबर २०२५मध्ये त्यांना निरोप दिला. डीसीएसमधले मिग-२१बिस २०१४पासून उपलब्ध आहे, आणि ते उतरवताना या विमानाचा स्वभाव कळतो. उतरण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. पूर्ण फ्लॅप टाकले की इंजिनातून घेतलेली हवा त्यांच्यावरून फुंकली जाते आणि उचल वाढते. धावपट्टी आली म्हणून सवयीने थ्रॉटल झटकन मागे घेतला की ती फुंकर बंद होते आणि विमान दगडासारखे खाली बसते. ताकद ठेवूनच टेकायचे असते. एवढ्या एका गोष्टीसाठी हे विमान शिकण्याजोगे आहे. बाकी आपल्या वाट्याला आलेला विनोद असा, की पाकिस्तानचे जेएफ-१७ डीसीएसमध्ये २०१९पासून आहे. तेजस किंवा सुखोई-३० एमकेआय मात्र अधिकृत मॉड्यूल म्हणून नाही.

सिम्युलेटरमधले कौशल्य खऱ्या आकाशात किती उतरते? ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेच्या डार्पा संस्थेने घेतलेल्या 'अल्फाडॉगफाइट' चाचणीत हेरॉन सिस्टिम्सच्या संगणकी वैमानिकाने व्हीआर हेडसेट घातलेल्या एका अनुभवी एफ-१६ वैमानिकाला ५-० असे हरवले. ती लढाई फक्त तोफेची होती. संगणकाला समोरच्याची जागा अचूक कळत होती, आणि खऱ्या सरावात सुरक्षिततेपोटी मनाई असलेले समोरासमोरचे नेम त्याने बिनदिक्कत धरले. ज्याला टक्कर होण्याची भीती नाही त्याच्याशी ही लढत होती. खुर्चीत ९ जीचा भार येत नाही, मान दुखत नाही, मरण नाही. ही उणीव कोणत्याही खेळाने भरून निघणारी नाही. चित्र मात्र इतके हुबेहूब झाले आहे की फेब्रुवारी २०२२मध्ये 'घोस्ट ऑफ कीव' या युक्रेनच्या दंतकथेतल्या वैमानिकाचा म्हणून जगभर फिरलेला व्हिडिओ डीसीएसमधला निघाला.

पैसे आणि भरवसा

विमान अर्धवट अवस्थेत विकायचे आणि पुढची काही वर्षे ते पूर्ण करत राहायचे, ही आता रीत झाली आहे. तिचे समर्थक म्हणतात, एवढ्या छोट्या बाजारपेठेत एवढे गुंतागुंतीचे काम दुसऱ्या कोणत्या पैशांवर व्हावे? विरोधकांना एप्रिल २०२४ची आठवण पुरते. डीसीएससाठी एफ-१५ई बनवणाऱ्या राझबाम या कंपनीचे ईगल डायनॅमिक्सशी फाटले आणि ते चव्हाट्यावर आले. पैसे मिळाले नाहीत असे राझबामचे म्हणणे, तर ईगल डायनॅमिक्सने उलट तिच्यावरच बौद्धिक संपदेच्या उल्लंघनाचा ठपका ठेवला. कोण खरे, हे बाहेरच्याने ठरवण्यात अर्थ नाही. विकत घेतलेल्यांच्या हाती मात्र काम थांबलेले विमान राहिले. नव्या माणसाने यातून घ्यायचे ते इतकेच, की विकत घेताना विमान आज जसे आहे त्याचेच पैसे मोजावेत.

सुटायचे राहिलेले

संगणकाने चालवलेले शत्रू हा सगळ्यांचाच दुखरा भाग. डीसीएसमधली संगणकी विमाने खेळाडूच्या विमानाइतके काटेकोर उड्डाणनियम पाळत नाहीत, वेग न गमावता वळतात, ही तक्रार जुनी आहे. त्यात सुधारणा झाल्या, तरी एकट्याने सराव करणाऱ्याला चुकीच्या सवयी लागण्याचा धोका आहेच. माणसांशी ऑनलाइन लढणे हा उपाय सुचवला जातो. पण तिथे नवखा पहिले काही आठवडे कुणी मारले हेसुद्धा न कळता मरत राहतो.

दुसरे उणे मोहिमेचे. आपोआप पुढे सरकणारे युद्ध डीसीएसमध्ये आणण्याचे आश्वासन कित्येक वर्षांपासून दिले जात आहे. तोवर स्वयंसेवकांनी बनवलेले 'लिबरेशन' आणि 'रिट्रिब्युशन' हे कार्यक्रम ती जागा भरून काढतात: दर फेरीनंतर युद्धाचा हिशेब मांडून ते पुढच्या कामगिऱ्या तयार करतात. ज्याला थांबता न येणारे युद्धच हवे आहे आणि एफ-१६वर समाधान मानता येते, त्याच्यासाठी फाल्कनमधल्या १९९८च्या त्या कोरियाला अजून तोड निघालेली नाही.